जीपीएस उशिरा लागला म्हणजे आबांचे पॉइंट गेले असं नाही

पत्र आलंय हर्णैहून, थोडं कमी करून देतेय:

"ताई, आमची स्वतःची बोट आहे, आबा तांडेल (बोटीचे प्रमुख) आहेत, चाळीस वर्षं दर्यात जातायत. त्यांचे सगळे पॉइंट, कुठे खडप (पाण्याखालचा खडक) आहे, कुठे जाळं अडकतं, कुठे कुठल्या महिन्यात सुरमई लागते, हे गेली पाच वर्षं मी माझ्या अँड्रॉइड फोनमधल्या एका ॲपमध्ये सेव्ह करत आलो. आता नवीन फोन घेतला आणि जुना विकायचाय. ॲप काढून टाकलं, लोकेशन बंद केलं, आणि एका व्हिडिओत बघून जीपीएस टेस्टच्या ॲपमधून 'क्लिअर ए-जीपीएस डेटा' पण केलं. त्यानंतर जीपीएस लागायला खूप वेळ गेला, म्हणजे आतलं सगळं गेलं असं मला वाटलं. पण आबा विचारतायत, गेलं कशावरून? आमच्याकडे पॉइंट कोणी कोणाला सांगत नाही, आणि फोन घेणारा कुठल्या बंदरातला असेल काय माहीत. नक्की गेलंय हे बघायचं कसं?"

अरे, सगळ्यात आधी एक सांग, फोन अजून हातात आहे ना? असेल तर विकायची घाई अजिबात करू नको. आबांनी विचारलंय तोच खरा प्रश्न आहे. पुसणं वेगळं आणि पुसलं गेलंय हे बघणं वेगळं, आणि तू तीन गोष्टी पुसण्याच्या केल्यास पण बघण्याची एकही केली नाहीस.

आणि त्याच्याही आधी, ॲप काढून टाकलं हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. पॉइंट नवीन फोनमध्ये आलेत का? उघडून, एकेक पॉइंट आबांना दाखवून, त्यांनी हो म्हटलंय का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. ते झालं नसेल तर बाकीचं सगळं थांबव, जुन्या फोनला हात लावू नको आणि नवीन फोनवर तेच ॲप त्याच अकाउंटने लॉगिन करून बघ पॉइंट येतात का. आले तर ते लगेच फाइल म्हणून एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घे आणि एका वहीत पेनने पण उतरवून काढ. वही खाऱ्या हवेत दमट होईल पण बॅटरी संपून बंद पडणार नाही. चाळीस वर्षांची कमाई एका फोनच्या आत असणं ही गोष्ट चोरीपेक्षा मला जास्त घाबरवते, खरं सांगते.

आता त्या 'क्लिअर ए-जीपीएस डेटा'बद्दल नीट सांगते, कारण हा गैरसमज खूप जणांचा आहे. फोनमधला जीपीएस नुसता ऐकतो, तो वर काही पाठवत नाही. साधारण २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह सतत सांगत असतात की मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत, चार उपग्रहांचं ऐकू आलं की फोन त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रह कुठल्या वाटेने चाललाय ही माहिती तो दर ३० सेकंदांनी परत परत सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं मिळून जे ढोबळ वेळापत्रक असतं ते पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. प्रत्येक वेळी एवढं थांबायला लागू नये म्हणून फोन हे मोबाइलच्या नेटवरून आधीच उतरवून ठेवतो, त्यालाच ए-जीपीएस डेटा म्हणतात. म्हणजे तू जे पुसलंस ते उपग्रहांचं वेळापत्रक. आबांची बोट कुठे गेली होती त्याचा त्यात एक शब्द नाही. आणि ते पुसल्यावर फोनला सगळं परत ऐकायला लागलं म्हणून जीपीएस उशिरा लागला, बाहेर दर्यात रेंज नसताना तर अजूनच वेळ लागेल. उशीर झाला हे खरं, पण त्याचा पॉइंट गेल्या-न गेल्याशी काही संबंध नाही. एसटीचं वेळापत्रक फाडून टाकलं म्हणून तू कालपर्यंत कुठे कुठे गेलास ते पुसलं जातं का? तसंच हे.

लोकेशन बंद केलंस त्याचंही तसंच. स्विच बंद केला की पुढचं लिहिणं थांबतं, मागचं लिहिलेलं तसंच राहतं. आणि पुढचं तरी नक्की थांबतं का हेही कधी कधी बघायला लागतं. एप्रिल २०११ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की आयफोनमध्ये एक फाइल आहे, तिच्यात आजूबाजूच्या टॉवरची आणि वायफायची ठिकाणं तारीखवार साठतायत, वर्षभरापर्यंतची, आणि तीच फाइल कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्ये पण जातेय. ॲपलने तेव्हा कबूल केलं की लोकेशन सर्व्हिस बंद केल्यावरही ती माहिती भरली जात होती, ती चूक होती. मे महिन्यात अपडेट आलं, साठवण आठवड्यावर आणली, बॅकअपमध्ये जाणं बंद केलं. पण ज्यांचे जुने बॅकअप कॉम्प्युटरवर पडून होते त्यांच्या त्या बॅकअपमध्ये ती जुनी फाइल तशीच होती, फोन कितीही अपडेट केला तरी. हे एवढ्यासाठी सांगतेय की लोकांना ते कळलं फाइल उघडून बघितली म्हणून, सेटिंगमधला स्विच बघून नाही.

तर तुझ्याकडे पण उघडून बघायचंय. जाळं दर्यात टाकायच्या आधी हाताखालून वाव वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं) सरकवत कुठे भोक आहे ते बघता ना, तसं.

काय शोधायचं ते आधी नीट ओळखून घे. हर्णै बंदराचा अक्षांश-रेखांशाचा आकडा साधारण १७.८१ आणि ७३.०९ असा आहे. तुझ्या ॲपमध्ये हा असा दशांश चिन्ह देऊन लिहिलेला असेल, बोटीवरच्या मशीनवर तोच १७ अंश ४८.६ मिनिटं आणि ७३ अंश ०५.४ मिनिटं असा दिसेल, दोन्ही एकच. दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तर जागा ११ मीटरपर्यंत कळते, म्हणजे एका बोटीच्या लांबीएवढी, पाच आकडे असले तर मीटरभर. म्हणून ७३.०९ एवढंच कोणाला मिळालं तर फार बिघडत नाही पण पुढचे दोन-तीन आकडे मिळाले तर आबांचं खडप त्याच्या जाळ्याखाली आलंच म्हणून समज.

आता फोनमधली फाइल्सची ॲप उघड आणि सर्चमध्ये इंग्रजीत जीपीएक्स टाइप कर, मग केएमएल, मग केएमझेड. पॉइंट आणि ट्रॅक, म्हणजे बोट गेली ती वाट, बहुतेक या तीन प्रकारच्या फाइलींमध्ये साठतात. ॲप काढून टाकलं की ॲपच्या आतलं जातं, हे खरंय, पण तू कधी एक्सपोर्ट केलं असशील, कोणाला पाठवायला म्हणून किंवा नुसतं बघायला म्हणून, तर ती फाइल डाउनलोड्स नाहीतर डॉक्युमेंट्समध्ये गेलेली असते आणि ॲप गेलं तरी ती तिथेच बसून राहते. सापडली तर पुस, आणि कचऱ्याच्या डब्यातून पण पुस, कारण फाइल्सच्या ॲपमध्ये पुसलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं. नोट्सच्या ॲपमध्ये ७३ टाकून शोध. व्हॉट्सॲपमध्ये पण शोध, आणि खलाशांच्या ग्रुपवर लोकेशन पाठवलेलं आठवत असेल तर वर जाऊन बघ.

आणि आता सगळ्यात चांगली परीक्षा. काढून टाकलेलं ॲप त्याच जुन्या फोनवर परत टाक. हो, परत टाक, आणि उघड. पॉइंट परत आले तर ते कुठूनतरी आले, म्हणजे एकतर ॲपवाल्याच्या सर्व्हरवर आहेत, नाहीतर गुगलच्या बॅकअपमध्ये आहेत. अँड्रॉइड बऱ्याच ॲपचा डेटा, ॲपमागे २५ एमबीपर्यंत, गपचूप तुझ्या गुगल अकाउंटमध्ये ठेवतो आणि ॲप परत टाकलं की परत भरतो. पॉइंटची फाइल ती केवढीशी असते, शेकडो पॉइंट एका फोटोच्या जागेत मावतील. रिकामं उघडलं तर लॉगिन करून पण बघ. तेव्हाही रिकामं असेल तर त्या ॲपचं काम झालं असं समजायला हरकत नाही. आता तुला ते पॉइंट नवीन फोनवर त्याच अकाउंटमध्ये हवेच आहेत, त्यामुळे लॉगिन केल्यावर आले तर घाबरू नको, अकाउंटमध्ये आहेत ते तुझेच आहेत, फक्त जुन्या फोनवरून त्या अकाउंटमधून बाहेर पडायचं विसरू नको आणि पासवर्ड बदलून टाक.

गुगल मॅप्स वेगळं बघ. तिथे सेव्ह केलेल्या जागा असतात, नाव दिलेल्या जागा असतात, आणि टाइमलाइन चालू असेल तर तू रोज कुठे गेलास त्याच्या रेघा पण असतात. ही टाइमलाइन आधी गुगलच्या सर्व्हरवर असायची, २०२३ च्या डिसेंबरमध्ये गुगलने जाहीर केलं की ती आता ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहणार, सर्व्हरवर फक्त आपण बॅकअप चालू केला तर, तोही कुलूपबंद. म्हणजे दोन जागा झाल्या, फोन आणि बॅकअप. टाइमलाइन उघड, सगळा डेटा डिलीट कर, मग वरती ढगाचं चिन्ह असतं ते दाबून बॅकअप आहे का बघ, जुन्या फोनच्या नावाने असेल तर तोही काढ. मग मॅप्स पूर्ण बंद करून परत उघड आणि गणपतीच्या वेळची नाहीतर शिमग्याच्या वेळची एखादी तारीख काढ, तुला नक्की आठवते तू कुठे होतास ती. रिकामी दिसली पाहिजे. आणि 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' हे अजून तिसरंच खातं आहे, टाइमलाइन बंद असली तरी मॅप्समध्ये काय शोधलं, कुठून शोधलं ते त्यात साठू शकतं, २०१८ मध्ये यावरून बरीच ओरड झाली होती. गुगल अकाउंटमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' म्हणून पान आहे, तिथे फक्त मॅप्सचं दाखव असं करता येतं.

फोटोंकडे लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते खरी गळती तिथेच आहे. आबा हातात सुरमई धरून बोटीवर उभे आहेत असा फोटो असेलच तुझ्याकडे. तो गुगल फोटोजमध्ये उघड आणि बोटाने फोटो वरती सरकव. खाली नकाशा आला आणि त्यावर टाचणी दर्याच्या मधोमध दिसली, तर तो फोटो म्हणजे पॉइंटच आहे, तारीख-वेळेसकट, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे जायचं हे पण त्यात आलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग म्हणून असतं ते चालू राहिलं की प्रत्येक फोटोत आकडे लिहिले जातात, व्हिडिओत पण. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर हे आकडे गळून पडतात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला, क्वालिटी चांगली राहावी म्हणून पाठवतात ना तसा, तर सगळे आकडे समोरच्याकडे जातात.

तीन वर्षांपूर्वी मी भाच्यासाठी एक वापरलेला फोन घेतला होता. दुकानदाराने माझ्यासमोर रिसेट करून दाखवला, अगदी नवा होऊन सुरू झाला. घरी आल्यावर भाच्याने गॅलरी उघडली तर आत कोणाच्या तरी मुलीचा वाढदिवस, आंब्याच्या पेट्या भरलेलं अंगण, एक म्हातारी ओटीवर बसलेली. मेमरी कार्ड आतच राहिलं होतं. मी एक फोटो वरती सरकवला आणि नकाशावर सरळ ते घर आलं, कुठल्या पाखाडीतलं कितवं ते. मला काही ते बघायचं नव्हतं पण ते समोर होतं, आणि मी नसते तर दुसऱ्या कोणाच्या समोर असतं. कार्ड नेऊन दिलं, त्या माणसाला कल्पनाच नव्हती, तो म्हणत राहिला, रिसेट केलं होतं ना. रिसेट फोन पुसतो, मेमरी कार्ड पुसत नाही, ते वेगळं निवडल्याशिवाय. त्या ओटीवरच्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हा तुझ्या फोनमध्ये कार्ड असेल तर ते काढून घे आणि विकूच नको, फोनबरोबर देऊ नको, कितीही कमी पैसे आले तरी चालतील.

एवढं सगळं झाल्यावर मग फॅक्टरी रिसेट. तू म्हणशील रिसेटच करायचा होता तर एवढी शोधाशोध कशाला. फोन पुसायला रिसेट पुरतो, पण पॉइंट फोनच्या बाहेर कुठे कुठे गेलेत ते रिसेट सांगत नाही, ते शोधाशोधीतूनच कळतं. रिसेटच्या आधी सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन शोध, फोन एन्क्रिप्टेड आहे असं लिहिलेलं पाहिजे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनांना ते सक्तीचंच आहे. त्याचा फायदा असा की आतलं सगळं कुलपात असतं आणि रिसेट करताना किल्लीच नष्ट होते, मग कोणी रिकव्हरीचं कितीही भारी सॉफ्टवेअर लावलं तरी वाचता येईल असं काही हाताला लागत नाही. मग अकाउंटमधून गुगल अकाउंट काढ, नाहीतर काही वेळा घेणाऱ्याला तुझा पासवर्ड मागत बसतो आणि तो माणूस परत तुझ्या दारात. आणि मग सेटिंगमधूनच रिसेट कर.

रिसेट झाल्यावर एकदा स्वतः सुरू कर. अकाउंट विचारेल तिथे स्किप कर, हे फार महत्त्वाचं आहे, बरेच जण तपासायला म्हणून स्वतःच्याच अकाउंटने लॉगिन करतात आणि आत्ता पुसलेलं सगळं परत खाली उतरवून घेतात. लॉगिन न करता गॅलरी बघ, फाइल्समध्ये परत त्याच तीन प्रकारच्या फाइली शोध, मॅप्स उघडून सेव्ह केलेलं काही आहे का बघ. केबल मिळाली तर ती लावून फोन कॉम्प्युटरवर पण उघड, फोटोचा फोल्डर रिकामा हवा. मग नवीन फोनवरून गुगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हाइसेस' मध्ये जुन्या फोनचं नाव अजून दिसतं का बघ, दिसलं तर साइन आउट कर. जुन्या फोनच्या नावाचा बॅकअप ड्राइव्हमध्ये असेल तर तो मात्र नवीन फोन महिनाभर नीट चालल्यावरच काढ.

नवीन फोन कुठला घेतलास ते लिहिलं नाहीस, आयफोन असेल तर प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, सिस्टम सर्व्हिसेस, तिथे 'सिग्निफिकंट लोकेशन्स' असतं, नेहमीच्या जागा साठतात ते, त्यात क्लिअर हिस्टरी आहे, ते माहीत असू दे.

दोन गोष्टी तुझ्या हातात नाहीत, त्या खोटा धीर न देता सांगते. फोन कुठल्या टॉवरला लागला त्याची नोंद मोबाइल कंपनीकडे असते, डिसेंबर २०२१ पासून ती निदान दोन वर्षं ठेवायचा सरकारी नियम आहे, पण ती फोन विकत घेणाऱ्याला मिळत नाही आणि दर्यात रेंज संपली की टॉवरच नाही, त्यामुळे आबांच्या पॉइंटसाठी त्याची चिंता नको. दुसरी गोष्ट जास्त चिंतेची, खलाशांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली लोकेशन. ती त्यांच्या फोनमध्ये आहे. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं. पाठवलं असेल तर आबांना सांग, लपवू नको, आणि त्या खलाशाला आबांनीच बोलावं, चहा पिता पिता, तुझ्यापेक्षा त्यांचा शब्द जास्त चालेल.

पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते तेव्हा बोट वर ओढलेली असते, आबा घरीच असतात. आकडे वहीत उतरवताना त्यांना शेजारी बसव. तुझ्या ॲपमध्ये पॉइंट बारा, पॉइंट तेरा असं असेल, पण जीपीएस यायच्या आधी त्यांनी ती जागा सुवर्णदुर्ग किल्ल्याची कुठली कड दीपगृहाच्या कुठल्या बाजूला आली की जाळं टाकायचं अशी धरलेली असणार, किती वाव पाणी आहे ते धरलेलं असणार, त्या जागेला काहीतरी नाव पण असणार. प्रत्येक आकड्यापुढे ते लिही. ते कुठल्याच फोनमध्ये नाहीये.